दाबाला वाट करून देणारा डॉक्टर

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)

इंजिनिअरिंग कॉलेजच्या अंकात डोळ्याच्या डॉक्टरचं चरित्र कशासाठी, असं तुम्हाला वाटेल. हॉस्टेलवर मी विषय सांगितला तेव्हा रूम पार्टनरनेही हेच विचारलं. उत्तर आपल्याच सिलॅबसमध्ये आहे. फ्लुइड मेकॅनिक्सच्या व्हायवाला हमखास विचारलं जाणारं पॉइझ्यूलीचं समीकरण आपण सगळ्यांनी घोकलेलं आहे. नळीचा व्यास निम्मा केला की प्रवाहाला होणारा विरोध सोळापट होतो, एवढं तर केटीवाल्यालाही सांगता येतं! पण हा पॉइझ्यूली इंजिनिअर नव्हता, पॅरिसचा डॉक्टर होता. शरीरातल्या बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त कसं वाहतं, हे समजून घ्यायला त्याने काचेच्या केसासारख्या नळ्यांवर प्रयोग केले आणि त्यातून हे समीकरण निघालं. तेच समीकरण आज माझ्या आजोबांच्या डाव्या डोळ्याला लागू होतं. तिथे एक सिलिकॉनची नळी बसवलेली आहे, आतून फक्त ०.३ मिलिमीटर व्यासाची.

ही नळी नेमकं काय करते हे समजून घ्यायला मी वाचायला लागलो. कॉलेजच्या लायब्ररीत आणि इंटरनेटवर जे मिळेल ते वाचत मागे मागे जात राहिलो, तो थेट १८५७ सालापर्यंत. तिथे मला एकोणतीस वर्षांचा एक तरुण भेटला. त्याचं नाव आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे. डोळ्याच्या डॉक्टरांमध्ये हे नाव न्यूटनसारखं घेतलं जातं. आपल्याकडे मात्र ते फारसं कुणाला ठाऊक नाही, म्हणून हा प्रपंच.

आधी आजार थोडा समजून घेऊ, नाहीतर ग्रेफेने काय केलं ते कळायचं नाही.

आमचं गाव जिंतूर तालुक्यात. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाला कमी दिसायला लागलं की तो मोतीबिंदूच. तो पिकू द्यायचा आणि मग नेत्रशिबिरात जाऊन काढून टाकायचा, हे सगळ्यांना तोंडपाठ. पण काचबिंदू हा वेगळाच प्रकार आहे, बरं का. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं. भिंग बदललं की माणूस पुन्हा पेपर वाचतो. काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस, म्हणजे ऑप्टिक नर्व्ह, हळूहळू मरते. तिचा जेवढा भाग मेला तेवढी नजर कायमची गेली. जगातला कोणताही डॉक्टर ती परत आणू शकत नाही. उरलेली वाचवणं एवढंच हातात असतं. त्यात ही नजर कडेकडेने जाते, मधली शेवटपर्यंत टिकते. आबा औत वळवताना धुऱ्यावरच्या बाभळीला धडकायला लागले, ताटाच्या कडेची वाटी त्यांना दिसेना. तरी समोर आलेला माणूस ओळखू यायचा, म्हणून कुणाला काही वाटलं नाही. गावातल्या एका जाणत्याने सांगितलं की अजून पिकला नाही, थांबा. दुखत तर काहीच नव्हतं. त्या थांबण्यात दीड-दोन वर्षं गेली. परभणीला डोळ्यातला दाब मोजला तेव्हा उजव्या डोळ्यात काही उरलं नव्हतं.

आता हा दाब कुठून येतो? आपला डोळा म्हणजे एक छोटं प्रेशर व्हेसल आहे. त्याच्या पुढच्या भागात पाण्यासारखा स्वच्छ द्रव सतत तयार होतो, मिनिटाला साधारण २ ते २.५ मायक्रोलिटर. दिवसाचा हिशोब केला तर ३.६ मिलिलिटरच्या आसपास, एक चहाचा चमचाही भरत नाही! हा द्रव बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याच्या मागून निघतो, बाहुलीतून पुढे येतो आणि बुबुळाच्या कडेच्या कोपऱ्यात असलेल्या बारीक जाळीतून झिरपून रक्तात जातो. आत येणारं आणि बाहेर जाणारं जुळलं की दाब पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरच्या दरम्यान राहतो. बोअरची मोटार चालू आहे आणि टाकीचा खालचा पाइप गाळाने बुजला आहे, अशी कल्पना करा. आपली टाकी निदान वरून वाहून जाते. डोळ्याला ती सोय नाही.

वाट बुजण्याचे मुख्य प्रकार दोन. एकात बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा पुढे सरकून तो कोपराच झाकून टाकतो. तेव्हा दाब एकाएकी चढतो, डोळा लाल होतो, डोकं फुटेल असं दुखतं, उलट्या होतात आणि दोन दिवसांत नजर जाऊ शकते. दुसऱ्यात कोपरा उघडाच असतो, पण जाळी आतून चोंदत जाते. हा मुका काचबिंदू, आबांना झाला तो. हे दोन प्रकार लक्षात ठेवा, पुढे लागतील.

ग्रेफेच्या आधी दोन्हींवर इलाज नव्हता. जळवा लावणं, जुलाब देणं, डोळ्याला सुई टोचून थोडं पाणी काढणं, असले प्रकार चालत. टोचल्यावर एक-दोन दिवस बरं वाटायचं आणि दाब पुन्हा चढायचा. काचबिंदू म्हटलं की आंधळेपण ठरलेलं.

आल्ब्रेख्तचा जन्म २२ मे १८२८ रोजी बर्लिनमध्ये झाला. घर सुखवस्तू, वडील कार्ल फर्डिनांड फॉन ग्रेफे हे युरोपातले नामवंत सर्जन. या वडिलांचा एक धागा आपल्या महाराष्ट्राशी जुळतो, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. इंग्रजांच्या फौजेत कावसजी नावाचा एक बैलगाडीवान होता. टिपूच्या माणसांनी त्याला पकडून त्याचं नाक आणि एक हात कापला. पुढे पुण्याजवळ एका कारागीर जातीच्या माणसाने त्याच्या कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक बसवून दिलं. १७९४ साली लंडनच्या एका मासिकात ही हकिकत चित्रासह छापून आली आणि युरोपातले सर्जन थक्क झाले. या हिंदुस्थानी पद्धतीचा अभ्यास करून जर्मनीत नाकाच्या शस्त्रक्रिया करणारे आणि १८१८ साली त्यावर ग्रंथ लिहिणारे सर्जन म्हणजे आल्ब्रेख्तचे वडील. त्या कारागिराचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलं नाही.

आल्ब्रेख्त बारा वर्षांचा असताना, १८४० च्या जुलैमध्ये, वडील हॅनोवरला गेले. तिथला राजपुत्र आंधळा होता आणि त्याच्या डोळ्यावर शस्त्रक्रिया करायची होती. ती करण्याआधीच तापाने ते तिथे वारले. राजपुत्र आंधळाच राहिला आणि पुढे आंधळाच राजा झाला. बारा वर्षांच्या पोराच्या मनात या गोष्टीने काय घर केलं असेल ते आपण ताडू शकतो. पण त्यावरून तो डोळ्यांकडे वळला असं म्हणणं म्हणजे सिनेमाची स्टोरी होईल. खरं तर डॉक्टर होईपर्यंत डोळे त्याच्या डोक्यात नव्हते.

पंधराव्या वर्षी तो बर्लिन विद्यापीठात दाखल झाला आणि एकोणिसाव्या वर्षी, १८४७ साली, डॉक्टरेट घेऊन बाहेर पडला. आपण त्या वयात एम-टूचा बॅक काढत असतो! प्रबंधाचा विषय होता ब्रोमीन. मग त्या काळच्या रिवाजाप्रमाणे तो वेगवेगळ्या शहरांतले दवाखाने पाहायला निघाला. प्रागमध्ये आर्ल्ट नावाचे डोळ्यांचे शिक्षक भेटले आणि त्यांनी याला या शास्त्राची गोडी लावली. तिथून पॅरिस, मग व्हिएन्ना, मग लंडन. लंडनमध्ये १८५१ साली त्याची हॉलंडच्या डॉंडर्सशी आणि इंग्लंडच्या बोमनशी गाठ पडली. बारावीच्या बायोलॉजीत किडनीमध्ये बोमन्स कॅप्सूल होती ना, तोच हा बोमन. तिघांची दोस्ती जन्मभर टिकली.

त्याच सुमारास आपल्या ओळखीच्या एका माणसाने एक यंत्र केलं. हेल्महोल्ट्झ! ऊर्जेच्या अक्षय्यतेवर लिहिणारा आणि फिजिक्स लॅबमधल्या हेल्महोल्ट्झ कॉइलमुळे आपल्याला माहीत असलेला तो हाच. १८५० मध्ये विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी म्हणून त्याने काचेच्या पट्ट्या आणि भिंग जोडून ऑफ्थॅल्मोस्कोप तयार केला. जिवंत माणसाच्या डोळ्याच्या आत, अगदी मागच्या पडद्यापर्यंत, पहिल्यांदाच नीट पाहता येऊ लागलं. तोपर्यंत बाहुली म्हणजे एक काळं भोक, आत काय चाललंय ते मेल्यावर कापून पाहायचं. बऱ्याच जुन्या डॉक्टरांना हे नवं खेळणं वाटलं. ग्रेफेने मात्र ते हातात घेतलं ते सोडलंच नाही.

१८५१ च्या शेवटी त्याने बर्लिनमध्ये काम सुरू केलं आणि लवकरच कार्लस्ट्रासे या रस्त्यावर स्वतःचा दवाखाना काढला. गरिबांना तिथे फुकट उपचार मिळत. दवाखाना इतका चालला की देशोदेशीचे डॉक्टर शिकायला येऊन राहू लागले. १८५४ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, त्याने डोळ्यांच्या शास्त्राचं एक नियतकालिक सुरू केलं. पहिल्या खंडातला बहुतेक मजकूर त्यानेच लिहिलेला होता. पुढे आर्ल्ट आणि डॉंडर्स संपादनात त्याच्याबरोबर आले.

त्याच १८५४ साली त्याची एक मोठी चूक झाली. माझ्या मते त्याच्या चरित्रातला हा सगळ्यात वाचण्यासारखा भाग. काचबिंदूच्या रोग्यांच्या डोळ्यात पाहून त्याने लिहिलं की नस जिथे डोळ्यात शिरते तिथे फुगवटा आलेला असतो. प्रत्यक्षात तिथे खड्डा असतो. दाबाने ती जागा आत ढकलली जाते आणि वाटीसारखी खोल होते. मग फुगवटा कसा दिसला? ऑफ्थॅल्मोस्कोपमधून एका डोळ्याने पाहावं लागतं आणि एका डोळ्याला खोली नीट कळत नाही. ड्रॉइंगच्या पेपरात एकाच व्ह्यूवरून ठोकळा बाहेर आलेला आहे की आत गेलेला, हे कळत नाही तसंच. पुन्हा पुन्हा पाहिल्यावर, खड्ड्याच्या काठावरून रक्तवाहिन्या कशा वळून खाली उतरतात हे नीट न्याहाळल्यावर, वर्षभरातच त्याने आपलं म्हणणं आपल्याच नियतकालिकात दुरुस्त केलं. पुढे हाइन्रिख म्युलर या शरीररचनातज्ज्ञाने प्रत्यक्ष डोळा कापून तो खड्डाच असल्याचं दाखवलं.

ही दुरुस्ती महत्त्वाची का? खड्डा आहे म्हणजे कशानेतरी दाबलं जातंय. म्हणजे दाब हेच मूळ, लालपणा आणि दुखणं ही नंतरची. दाब कमी करता आला तर नस वाचेल. आता प्रश्न असा की दाब कमी करायचा कसा, आणि तोही कायमचा?

इथे त्याला एक जुनं निरीक्षण आठवलं. दुसऱ्या काही आजारांत तो बाहुलीभोवतीच्या पडद्याचा, म्हणजे आयरिसचा, छोटा तुकडा कापून काढत असे. या शस्त्रक्रियेला इरिडेक्टॉमी म्हणतात. असे डोळे नंतर बोटाने चाचपले की मऊ लागत. तेव्हा दाब मोजायचं यंत्र नव्हतं, मिटलेल्या पापणीवर दोन बोटं ठेवून अंदाज घ्यायचा. पुढे १८६० च्या दशकात त्याने स्वतः असं यंत्र करून पाहिलं, पण ते वापरण्याजोगं झालं नाही. तर १८५६ मध्ये त्याने हीच शस्त्रक्रिया तीव्र काचबिंदूच्या रोग्यांवर केली. दाब उतरला, आणि वर्षभर लक्ष ठेवलं तरी तो खालीच राहिला. दुखण्याने तळमळणारी, आंधळी होण्याच्या बेतात असलेली माणसं डोळे घेऊन घरी गेली. १८५७ साली त्याने हे छापलं आणि सप्टेंबरमध्ये ब्रुसेल्सला भरलेल्या डोळ्याच्या डॉक्टरांच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत मांडलं. आंधळं करणारा एक आजार त्या दिवसापासून बरा होण्यासारख्या आजारांत आला.

जरा त्या शस्त्रक्रियेची कल्पना करून पाहा. डोळा बधिर करणारे थेंब नव्हते, ते १८८४ मध्ये आले. लिस्टरचा जंतुनाशकाचा शोध १८६७ चा. एक चुकीचा धक्का बसला की डोळा गेलाच. अशा वेळी हे सगळं किती मिलिमीटरच्या हिशोबात करायचं!

आणि गंमत म्हणजे हे का लागू पडतं ते त्याला नक्की माहीत नव्हतं. आयरिसमुळे द्रव जास्त पाझरत असेल, तुकडा काढला की कमी पाझरेल, असे काही तर्क होते. खरं कारण १९२० च्या आसपास स्पष्ट झालं. तीव्र प्रकारात आयरिस भिंगाला मागून चिकटल्यासारखा बसतो, द्रव बाहुलीतून पुढे येऊ शकत नाही, मागे साठतो आणि आयरिसला फुगवून पुढे ढकलतो. त्यामुळे कडेचा कोपरा बंद होतो. आयरिसला भोक पडलं की दोन्हीकडचा दाब सारखा होतो आणि कोपरा उघडतो. बायपास लाइन टाकली, एवढंच! आज हेच भोक लेझरने, रोग्याला भरती न करता, काही मिनिटांत पाडतात. मोजमापाशिवाय, थिअरीशिवाय, निव्वळ निरीक्षणावर त्याने ते साठ वर्षं आधी करून ठेवलं होतं. आपल्याला प्रॅक्टिकलमध्ये रीडिंग आधी आणि थिअरी नंतर आलेली चालत नाही, जर्नलमध्ये आधीच सगळं लिहून तयार असतं. असो.

पण खरी कसोटी पुढे होती. युरोपभर डॉक्टर इरिडेक्टॉमी करायला लागले, ग्रेफेचं नाव झालं. अशा वेळी माणूस आपला इलाज सगळ्यांवर चालतो असं म्हणायला लागतो. ग्रेफेने रोग्यांच्या नोंदी ठेवल्या, वर्षानुवर्षं पुन्हा तपासलं आणि लिहिलं की तीव्र प्रकारात हिचा उत्तम उपयोग होतो, पण मुक्या, हळू चालणाऱ्या काचबिंदूत तिचा भरवसा नाही. एवढ्यावर तो थांबला नाही. १८६९ साली, मरणाच्या एक वर्ष आधी, त्याने आणखी एक गोष्ट छापली. क्वचित काही डोळ्यांत या शस्त्रक्रियेनंतर दाब उतरण्याऐवजी भयंकर चढतो आणि डोळा हातचा जातो. त्याला त्याने दुष्ट काचबिंदू म्हटलं. स्वतःच्या शोधाचा सर्वात वाईट परिणाम जगासमोर त्याने स्वतःच मांडला.

मग मुक्या काचबिंदूचं काय झालं? म्हणजे आबांसारख्यांचं? तिथे आतला कोपरा उघडाच असतो, बायपास करून फायदा नाही. डोळ्याच्या भिंतीतूनच नवी वाट काढावी लागते. त्यातला एक मोठा टप्पा आपल्याच देशात घडला. मद्रासच्या सरकारी नेत्र रुग्णालयात रॉबर्ट हेन्री एलियट हे सर्जन होते. १९०९ साली त्यांनी बुबुळाच्या कडेला गोल पात्याच्या छोट्या हत्याराने दोनेक मिलिमीटरचं भोक पाडून द्रव बाहेरच्या पातळ आवरणाखाली सोडायची पद्धत सुरू केली, आणि ती जगभर वापरली गेली. अडचण अशी की शरीर कुठलीही जखम भरून काढतं, हे भोकही. म्हणून ते उघडं राहावं यासाठी काहीतरी आत ठेवण्याची कल्पना निघाली. १९०६ च्या सुमारास फ्रान्समध्ये घोड्याचा केस घालून पाहिला, १९१२ मध्ये इंग्लंडच्या झोराबने रेशमाचा दोरा घातला. काही काळ झिरपायचं, मग त्याभोवतीही वण धरायचा.

वणाशी भांडण्याऐवजी त्याला कामाला लावायचं, हे दक्षिण आफ्रिकेतल्या मोल्टेनो नावाच्या डॉक्टरला सुचलं. १९६९ साली त्याने जे उपकरण मांडलं त्यात डोळ्याच्या आत टोक असलेली एक नळी आणि तिच्या दुसऱ्या टोकाला एक चकती होती. चकती डोळ्याच्या वरच्या आवरणाखाली शिवून टाकायची. शरीर चकतीभोवती वणाची पिशवी विणतं, द्रव त्या पिशवीत साठतो आणि तिच्या भिंतीतून हळूहळू शोषला जातो. आबांच्या डोळ्यात आहे ते याच घराण्यातलं. मी वहीत आकडे घालून पाहिले. नळी ०.३ मिलिमीटर व्यासाची, १ सेंटिमीटर लांब, प्रवाह मिनिटाला २.५ मायक्रोलिटर. पॉइझ्यूलीच्या समीकरणाने दाबातला फरक येतो पाऱ्याच्या मिलिमीटरचा जेमतेम शंभरावा भाग! म्हणजे नळी काहीच अडवत नाही. तशीच उघडी सोडली तर पहिल्याच दिवशी डोळा फुग्यासारखा बसेल. म्हणून बिनव्हॉल्व्हच्या नळीला शस्त्रक्रियेच्या वेळी विरघळणाऱ्या दोऱ्याची गाठ मारतात. पाच-सहा आठवड्यांनी गाठ सुटते, तोवर वणाची पिशवी तयार झालेली असते आणि पुढे विरोध ती देते. १९९३ साली आलेल्या अहमद व्हॉल्व्हमध्ये दोन पातळ पडद्यांचा व्हॉल्व्हच बसवला आहे. नळीनेच १० मिलिमीटर दाब अडवावा असं वाटत असेल तर व्यास पाचपटीहून बारीक, ५० ते ६० मायक्रॉन करावा लागतो, म्हणजे जवळपास केसाएवढा. अशा जिलेटिनच्या नळ्याही आता निघाल्या आहेत. ३५० चौरस मिलिमीटरच्या मोठ्या चकतीचं उपकरण मदुराईच्या अरोलॅबने २०१३ मध्ये भारतात तयार करून फार कमी किमतीत आणलं. त्यामुळे परभणीहून रेल्वेत बसून हैदराबादला जाणाऱ्या आमच्यासारख्या कुटुंबाला ते परवडण्याच्या टप्प्यात आलं. आबांचा दाब ३८ वरून १४ वर आला. थेंब अजून टाकावे लागतात. उजवा डोळा गेला तो गेलाच, डाव्यातली उरलेली नजर टिकून आहे.

हे सगळं ग्रेफेने पाहिलं नाही. त्याच्याकडे वेळच कमी होता. १८६१ मध्ये त्याला छातीचं दुखणं झालं आणि त्यातून तो पूर्ण उठला नाही. तो क्षय होता. १८६२ साली त्याने आना क्नुथ या डॅनिश घराण्यातल्या मुलीशी लग्न केलं. उन्हाळ्यात हवापालटासाठी तो स्वित्झर्लंडमधल्या हाइडेन या डोंगरातल्या खेड्यात जाऊ लागला. तो तिथे असतो हे कळताच रोगीही तिथे पोहोचले. विश्रांती राहिली बाजूला, त्याने तिथेच तपासायला सुरुवात केली आणि त्याच्यामुळे ते खेडं हवा खाण्याचं ठिकाण म्हणून नावाजलं गेलं. थकलेल्या शरीराने त्याने या दहा वर्षांत मोतीबिंदू काढण्याची नवी, कमी जखमेची पद्धत बसवली, गलगंडाच्या रोग्याच्या पापणीचं एक लक्षण दाखवून दिलं जे आजही त्याच्या नावाने शिकवतात, आणि डोळ्यात पाहून मेंदूतला दाब ओळखता येतो हेही दाखवलं. एवढं करूनही बर्लिन विद्यापीठाने त्याला पूर्ण प्राध्यापक केलं ते १८६६ मध्ये. विद्यापीठांचा वेग तिकडेही आपल्यासारखाच दिसतो!

२० जुलै १८७० रोजी तो वारला. वय बेचाळीस. आदल्या दिवशीच फ्रान्सने प्रशियाविरुद्ध युद्ध पुकारलं होतं, बर्लिनचं लक्ष तिकडे होतं. दोन वर्षांत आनाही त्याच क्षयाने गेली. मुलं लहान होती.

१८८२ च्या मे महिन्यात, त्याच्या वाढदिवशी, बर्लिनच्या शारिटे रुग्णालयाच्या कोपऱ्यावर त्याचा पुतळा उभारला. हातात ऑफ्थॅल्मोस्कोप आहे, बाजूला डोळ्याच्या रोग्यांची रंगीत शिल्पं आहेत. त्याच्या दोनच महिने आधी, त्याच शहरात, रॉबर्ट कोखने क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं होतं.

१८५४ साली त्याने काढलेलं नियतकालिक अजून चालू आहे आणि त्याच्या मथळ्यात आजही ग्रेफेचं नाव आहे. काचबिंदूच्या नळ्या बसवलेल्या डोळ्यांचे निकाल, दाब किती उतरला आणि किती डोळ्यांत उतरला नाही यांच्या तक्त्यांसकट, त्याच पानांवर छापले जातात.